तेवीस नंबर

हे लिहू नकोस, असं मला दोघांनी सांगितलं. एक माझा बोर्डिंगातला सोबती. म्हणाला, आपलं घर आपणच कशाला उघडं करायचं, ते लोक टपूनच बसलेत. दुसरी माझी बायको. ती म्हणाली, लिहायचं तर आधी भावाला विचारा. भावाला विचारलं. तो म्हणाला, "लिव्ह की. मला कुठं वाचता येतंय आता." चौथी पास झालेला माणूस हे बोलला. म्हणून लिहितो.

दोस्तांनो, बोर्डिंग म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर पाचगणीचा डोंगर येईल, टाय बांधलेली पोरं येतील. आमचं बोर्डिंग म्हणजे तालुक्याच्या गावाबाहेर, जिनिंगच्या मागं, पत्र्याच्या तीन खोल्या. एकीत धान्य आणि गुरुजी, दोनांत आम्ही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली ओळीनं पत्र्याच्या पेट्या. ज्याच्याकडं पेटी नाही त्याचं गाठोडं.

१९७१ च्या जूनमध्ये बा मला तिथं घेऊन गेला. तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता, आता जालना जिल्ह्यात आहे. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला तालुक्याला रोज सात कोस जाऊन सात कोस कोण येणार? आणि तिथं भाड्यानं खोली आम्हाला कोण देणार? म्हणून बोर्डिंग. त्या काळात आमच्यातलं जे पोरगं शिकलं ते बहुतेक असंच कुठल्या तरी पत्र्याखाली झोपून शिकलं.

बाबासाहेबांना हे फार आधी कळलं होतं. बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली २० जुलै १९२४ ला, आणि सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ ला, सोलापुरात तिचं वसतिगृह उघडलं. महाडचं तळं त्यानंतर, १९२७ ला. म्हणजे आधी पोरांच्या झोपण्याची अन् भाकरीची सोय, मग पाणी. त्याच्याही आधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातीची बोर्डिंगं काढली, १९०८ ला अस्पृश्यांच्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. या सगळ्या तारखा आमच्या संस्थाचालकाच्या प्रत्येक चौदा एप्रिलच्या भाषणात असायच्या. माणूस आपलाच. चळवळीतला. बोलायला लागला की अंगावर काटा यायचा. मला त्या तारखा तिथंच पाठ झाल्या, हे कबूल केलं पाहिजे.

पहाटे पाचला लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजायचा. विहिरीवर पाणी शेंदायचं, अंघोळ, वंदना, मग कंदिलाभोवती बसून पाठांतर. आठला भाकरी. शाळा गावात, हायस्कूलमध्ये. तिथं आमचा बाक शेवटचा, ते वेगळं सांगत बसत नाही, तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी परत भाकरी अन् पातळ वरण. वरणात आपला चेहरा दिसायचा. खरूज सगळ्यांना. एकाला झाली की रात्रीतून चाळीस बोटं खाजवायला लागायची. जेवण रांधणाऱ्या मावशी मोठ्या मायाळू, पण पीठच मोजून मिळालं तर माया कशात मळणार?

नव्या पोरांची पहिले सहा महिने 'तयारी' चालायची. गावच्या शाळेत चार यत्ता काढून आलेल्या निम्म्या पोरांना जोडाक्षर फुटत नव्हतं. वसतिगृहाचे अधीक्षक हेच आमचे गुरुजी. रोज रात्री ते 'तयारी' घ्यायचे. पावकी, निमकी, इंग्रजीची एबीसीडी, आणि 'ण'. 'पानी' नाही, 'पाणी'. म्हणायचे, "पानी म्हणालास तर तहान भागेल, नोकरी मिळणार नाही." दिवाळीला घरी गेलो आणि मायला म्हणालो, पाणी दे. माय हसली. "लेकरू बामनावानी बोलाया लागलं." हसली खरी, पण त्या दिवसापासून माझ्याशी जरा जपून बोलायला लागली.

गुरुजींनी आम्हाला अर्ज लिहायला शिकवला. पाचवीच्या पोरांना! 'महाशय' नंतर स्वल्पविराम, मग 'वरील विषयास अनुसरून'. म्हणायचे, "तुमचा बाप जन्मभर हात जोडून मागत आला. तुम्ही कागदावर मागा. कागदाला उत्तर द्यावं लागतं." असा मास्तर मी नंतर पाहिला नाही. मीही पुढं मास्तरच झालो, तरी सांगतो, पाहिला नाही. पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना हे ध्यानात असू द्या.

माझं अक्षर चांगलं होतं. सहावीत गेल्यावर गुरुजींनी वसतिगृहाचं हजेरीपुस्तक माझ्याकडं दिलं. मला केवढा मोठेपणा वाटला! हजर असेल त्याच्यापुढं तिरकी रेघ, नसेल त्याच्यापुढं टिंब. पटावर नावं चाळीस. खोल्यांत पोरं एकतीस. पहिल्याच रात्री मी नऊ टिंबं दिली. गुरुजींनी पुस्तक बघितलं, ब्लेड काढलं, नऊ टिंबं अलगद खरवडली आणि पुस्तक परत माझ्यापुढं सरकवलं. काही बोलले नाहीत. मी रेघा मारल्या.

अनुदान डोईवर मिळायचं. जेवढी डोकी तेवढे पैसे. आणि तेही समाजकल्याणची तपासणी झाल्यावर, वर्षातून एकदा, फार तर दोनदा. तोवर वाण्याची उधारी. गुरुजींचा पगार सहा-सहा महिने नाही. एकदा मी धीर करून विचारलं, गुरुजी, हे नऊ जण कुठं आहेत? ते म्हणाले, "तुझ्या ताटात आहेत. ती नऊ नसती तर तुम्ही एकतीस उपाशी मेले असता." मला ते पटलं. आजही निम्मं पटतं. उरलेलं निम्मं कुठं जात होतं ते कळायला मला मोठं व्हावं लागलं. संस्थाचालक नव्या राजदूत मोटारसायकलवर यायचा आणि आम्ही पोरं ती पुसायला धावायचो. अहमहमिकेनं धावायचो.

त्या नऊ नावांतली काही कधीच आली नव्हती. काही येऊन गेलेली. तेवीस नंबर हा येऊन गेलेल्यांतला. तो माझ्या शेजारी झोपायचा. मला पोहायला त्यानंच शिकवलं, विहिरीत ढकलून. गणितात माझ्या पुढं. १९७२ च्या दिवाळीला घरी गेला तो परत आला नाही. दुष्काळाचं साल. कुणी म्हणालं, बाप पाझर तलावाच्या कामावर मेला, आता हाच घरात कमावता. अकरा-बारा वर्षांचा कमावता! मी गुरुजींना म्हणालो, त्याला आणायला जाऊ या. गुरुजी गप्प. आता कळतं, का गप्प. पुस्तकात तो रोज हजर होता. मीच त्याला हजर करत होतो. हजर पोराला शोधायला कोण जाणार?

१९७३ च्या जूनमध्ये पाऊस पडला. दुष्काळ सरला असं लोक म्हणतात. पण पाऊस पडला तशी खडी फोडायची, माती टाकायची कामं बंद झाली. घरात दाणा नाही, शेत आपलं नाही, निंदणीला अजून अवकाश. जी माणसं दुष्काळात सुकडी आणि लाल मिलोवर तगली ती पावसात उपाशी राहिली. अशात माय धाकट्याला घेऊन बोर्डिंगला आली. जुलै असेल. सात कोस चिखलातून. धाकटा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, चौथी पास. त्याच्या हातात दाखला, पाऊस लागू नये म्हणून मायनं लुगड्याच्या चिंधीत बांधलेला.

मी तिथंच उभा होतो. माय गुरुजींना म्हणाली, "दादा, ह्या दुसऱ्यालाबी घ्या. एकाच्या ताटात दोघं जेवतील."

गुरुजी म्हणाले, "बाई, जागा नाही. चाळीसची मंजुरी, चाळीस भरलेत."

मायनं माझ्याकडं बघितलं. खरं काय ते मी सांगीन असं नव्हे, ती सहजच बघत होती, लेकरू शिकून कसं दिसतंय म्हणून. मला सगळी नावं माहीत होती. नऊ रेघा रोज रात्री माझ्या हातानं पडत होत्या. मी बोललो नाही. आज सांगायला पन्नास कारणं आहेत. तेव्हा एकच होतं. पुस्तक माझ्याकडून जाईल.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिली नसती. अशी जागा नाकारलेली पोरं गावोगाव आहेत.

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. तपासणीला गावातल्या आपल्या वस्तीतली पोरं आणून बसवायची वहिवाट होती. अंघोळ घालायची, पांढरा सदरा द्यायचा, नाव घोकून घ्यायचं, दुपारी जेवू घालून सोडून द्यायचं. त्या वेळी आठच मिळाली, नववं तापानं फणफणलेलं. गुरुजी मायला म्हणाले, "बाई, आजची रात मुक्काम करा. उद्या जेवूनच जा." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या भावाला तेवीसचं नाव शिकव."

मी शिकवलं. रात्री कंदिलाजवळ बसून त्याला ते नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं पाठ करून दिलं. 'ण' सुद्धा नीट म्हणून घेतला. त्याला वाटलं ही प्रवेशाची परीक्षा आहे. मी त्याला नाही म्हणालो नाही.

साहेब आले. खुर्ची, हार, नारळ. माझ्या अक्षरातलं पुस्तक उघडून एक-एक नाव वाचायला लागले. तेवीस आला. धाकटा उठून उभा राहिला, मुठी आवळल्या आणि असा ओरडला, "हजर!" की साहेब दचकले आणि हसले. त्याला पुढं बोलावून तेराचा पाढा विचारला. त्यानं न अडखळता म्हटला. साहेब म्हणाले, "हुशार आहे मुलगा. याला स्कॉलरशिपला बसवा." गुरुजी म्हणाले, "होय साहेब."

त्या दिवशी गव्हाची पोळी, बटाट्याची भाजी आणि शिरा होता. मावशींनी मायलाही वाढलं. साहेब गेल्यावर गुरुजींनी धाकट्याच्या अंगातला सदरा काढून घेतला, तो मोजून पेटीत ठेवायचा होता. धाकटा उघडाच उभा राहिला. मग मायनं त्याला त्याचं ओलं कुडतं घातलं. जाताना ती गुरुजींच्या पाया पडली. "सायबानं पोटभर जेवू घातलं," म्हणाली. गुरुजींनी तोंड फिरवलं. धाकटा मला म्हणाला, "दादा, मी पास झालो ना?" मी म्हणालो, पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी बा अंथरुणाला खिळला आणि धाकटा पाटलाकडं सालानं राहिला. मी पुढं गेलो. दहावी झाली, औरंगाबादला नागसेनवनात मिलिंद कॉलेजात आलो. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. मी होस्टेलवर होतो, चार भिंतींच्या आत घोषणा देत होतो. धाकटा गावात होता. मायला घेऊन तीन रात्री कपाशीत बसून राहिला. त्या साली पाटलानं त्याचं सालाचं धान्य बुडवलं. "जा तुमच्या विद्यापीठाला माग," असं म्हणाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, आम्ही पेढे वाटले. गावी जाऊन धाकट्याला पेढा दिला. त्यानं तो पोरीला दिला.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मास्तर झालो आणि हजेरीपुस्तक परत माझ्या हातात आलं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला सरकारनं राज्यभर पटपडताळणी केली. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. लाखो पोरं कागदावर निघाली, वर्गात निघाली नाहीत. म्हणजे आमचं बोर्डिंग काही एकटं नव्हतं, आणि हे काही आपल्याच लोकांचं पाप नव्हतं. बड्या बड्या संस्थांचं होतं. पण दुसऱ्याच्या चोरीचा आकडा मोठा म्हणून माझ्या नऊ रेघा पुसत नाहीत. माझ्या वर्गातल्या पोरांच्या बोटांना शाई लावताना माझा हात कापत होता. पथकातला माणूस म्हणाला, "गुरुजी, शुगर आहे का?"

मागच्या ७ नोव्हेंबरला गावातल्या पोरांनी विहारात कार्यक्रम ठेवला. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. त्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. रजिस्टरात नंबर १९१४, भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून आपल्याकडं हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मला भाषणाला बोलावलं होतं. मी रजिस्टराबद्दल बोललो. एका नावाची एक ओळ, आणि तिच्यातून काय काय उभं राहिलं, ते. टाळ्या पडल्या. धाकटा मागं खांबाला टेकून बसला होता. नात मांडीवर.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघं घराकडं चाललो होतो. अंधार होता. तो मधीच म्हणाला, "दादा, त्या बोर्डिंगच्या बुकात माहं कितवं नाव व्हतं रे?"

मी म्हणालो, "ते तुझं नाव नव्हतं."

"ते ठावं हाये मला." मग त्यानं तेवीस नंबरचं पूर्ण नाव म्हणून दाखवलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. 'ण' जिथं पाहिजे तिथं. "पर वरडलो तं मीच व्हतो ना? कितवा नंबर?"

"तेवीस."

"तेवीस," तो म्हणाला, आणि झोपलेल्या नातीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.