विळ्याचा गंज आणि रक्तातलं लोह

परवा एक ताई तिसऱ्यांदा आल्या. तीन महिने लोहाच्या गोळ्या चालू, तरी हिमोग्लोबिन ८ च्या पुढे सरकेना. बायकांचं किमान १२ हवं. गोळी कशाबरोबर घेता, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

"चहासंगं, डॉक्टरसाहेब. सकाळी तेवढीच सवड मिळती."

त्यांना विळ्यावरचा गंज आठवायला सांगितला. लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन गमावतो, तेच ऑक्सिडेशन. दोन गमावले की फेरस, तीन गमावले की फेरिक. आतडं शोषून घेतं ते फेरस. भाजी-भाकरीतलं लोह मात्र बहुतेक फेरिक. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला एक इलेक्ट्रॉन परत देतं आणि फेरिकचं फेरस होतं. गोळीत फेरसच असतं, पण चहातलं टॅनिन त्याला आतड्यातच बांधून ठेवतं. म्हणून चहा दोन तासांनी, गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि भाजी शिजल्यावर वरून लिंबू.

ताई हसल्या. "आमची लिंबाचीच बाग हाय की! सगळी बाजारात जातात."

कर्जत-श्रीगोंद्यात हे घरोघरी. रोज दोन घरी ठेवा म्हटलं. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही या वेळी विचारलं. होतो म्हणाल्या. सोनोग्राफी लिहून दिली आहे.