बारावा रूळ

बहुतेक घरांत अशी एखादी वस्तू असते की, तिची किंमत बाजारात विचारायला गेल्यास लोक हसतील. परंतु ती टाकून द्यायला मात्र घरातल्या कोणाचाच हात धजत नाही. कोणाकडे बंद पडलेला रेडिओ असतो, तर कोणाकडे खुंटा मोडलेले जाते असते. झाशीतील एका मराठी कुटुंबात अशी वस्तू होती ती म्हणजे किल्लीवर चालणारी आगगाडी. हिरव्या रंगाचे पत्र्याचे इंजिन आणि त्याला जोडायचे तीन चारचाकी डबे, एवढाच तिचा संसार. पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही गाडी माळ्यावरच्या ट्रंकेत तीस वर्षांहून अधिक काळ पडून होती.

या घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांना सगळे अण्णा म्हणतात. शाळेत गणित शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांचे आजोबा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या झाशी येथील कारखान्यात नोकरीला होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी केव्हातरी ते मुंबईला गेले असता त्यांनी आपल्या मुलासाठी ही गाडी आणली. पुढे त्या मुलालाही दोन मुलगे झाले आणि गाडी आपोआप त्यांच्याकडे आली. थोरले अण्णा आणि धाकटे बापू. उन्हाळ्याच्या सुट्टीत झाशीचे ऊन मी म्हणत असे. दारांना वाळ्याचे ओले पडदे लावलेले असत आणि त्या अंधाऱ्या गारव्यात दोघे भाऊ फरशीवर रुळांचे वर्तुळ मांडीत. रूळ जोडण्याचे काम अण्णांचे, किल्ली देण्याचे बापूंचे. ही वाटणी कोणी करून दिली नव्हती. ती आपसूक झाली होती.

ही गाडी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात तयार झालेली. तेथील फ्रँक हॉर्नबी नावाच्या एका कारकुनाने आपल्या मुलांना खेळण्यासाठी भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या केल्या. नटबोल्टांनी त्या जोडल्या की पूल, यारी, गाडी असे काहीही उभे करता येई. १९०१ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. 'मेकॅनो' या नावाने तो खेळ पुढे जगभर गेला. १९२० साली त्याच कारखान्यातून किल्लीच्या आगगाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांच्या दोन रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असे. हे अंतर मात्र हॉर्नबीने ठरवलेले नव्हते. जर्मनीतील मेर्क्लिन या खेळणी करणाऱ्या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत खेळातल्या रुळांची ठरावीक मापे मांडली. आज एक इंजिन घ्यावे, पुढच्या वर्षी दोन डबे, त्यानंतर आणखी चार रूळ, आणि सारे एकमेकांशी जुळावे, हा त्यामागचा विचार होता. माप सांभाळले म्हणजे एका पिढीने घेतलेला रूळ दुसऱ्या पिढीच्या गाडीलाही उपयोगी पडतो.

अण्णांच्या घरात माप सांभाळले गेले. बाकीचे काही सांभाळले गेले नाही. १९९१ साली आई गेली आणि घराच्या वाटण्या झाल्या. भांडीकुंडी, पलंग, आईचे चार दागिने, सगळ्यांची यादी झाली. शेवटी आगगाडीचे खोके उरले. ते दोघांनाही हवे होते आणि 'तू घे' असे म्हणायला दोघांपैकी कोणीही तयार नव्हते. अण्णांनी कागद पुढे ओढला आणि वस्तूंच्या किमती मांडून दोन समान हिस्से केले. इंजिन आणि डबे एका हिश्श्यात, बारा रूळ आणि किल्ली दुसऱ्या हिश्श्यात. चिठ्ठ्या टाकल्या. इंजिन अण्णांकडे राहिले. रूळ आणि किल्ली घेऊन बापू जबलपूरला निघून गेले. तेथे ते एका कारखान्यात फिटर होते. हिशेब अगदी चोख होता. मात्र त्या दिवसापासून गाडी कोणाचीच राहिली नाही. रुळांवाचून इंजिन आणि इंजिनावाचून रूळ, दोन्ही आपापल्या गावी गंजत राहिले. भावांची भेट त्यानंतर लग्नकार्यात किंवा कोणाच्या तेराव्याला होई. 'कसा आहेस', 'बरा आहे' यापलीकडे बोलणे जात नसे.

परवाच्या उन्हाळ्यात अण्णांच्या नातीने माळा आवरताना ते खोके शोधून काढले. अकरा वर्षांच्या त्या मुलीला गाडी चालताना पाहायची होती. अण्णांनी ते टाळण्यासाठी कामच वाढवले. आधी गाडीसाठी जागा हवी, असे सांगून त्यांनी सुताराकडून साडेचार फूट लांबी-रुंदीची प्लायवूडची फळी करून घेतली. ती वाकू नये म्हणून खालून लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली. मध्यभागी खिळा मारून त्याला दोन फुटांचा दोरा बांधला आणि दोऱ्याच्या टोकाला खडू धरून नातीकडून वर्तुळ काढून घेतले. रुळांचा मार्ग ठरला. मग कागदाचा लगदा, खळ आणि मेथीची पूड कालवून एक टेकडी झाली. घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून झाडे झाली. बिस्किटाच्या पुठ्ठ्याचे स्टेशन उभे राहिले. नातीने पाटीवर 'झाँसी' लिहिले. अण्णा म्हणाले, "आपल्या घरात झाशी म्हणतात." तिने पाटी उलटवून दुसऱ्या बाजूला 'झाशी' लिहिले, स्टेशनाच्या पाटीला दोन बाजू असतातच.

सगळे झाले. खडूच्या रेघेवर बोट फिरवीत नातीने विचारले, "आजोबा, रूळ कुठे आहेत?"

"जबलपूरला."

"मग मागवा ना!"

तिला त्यात काहीच अवघड वाटले नाही. अण्णांना मात्र तो फोन करायला चार दिवस लागले. अखेर एका संध्याकाळी त्यांनी फोन लावला आणि ख्यालीखुशाली न विचारता एकदम म्हणाले, "बापू, ती किल्ली आहे का रे तुझ्याकडे?"

पलीकडे काही वेळ शांतता होती. मग उत्तर आले, "आहे. रूळही आहेत. पण गंजलेत, अण्णा."

"तू घेऊन ये. पाहू."

आठवड्याच्या आत बापू आले. कापडी पिशवीतून त्यांनी रूळ काढले आणि एकेक करून फळीवर ठेवले. अकरा तांबूस झालेले होते; बारावा हातात घेताच मधोमध मोडला. पावसाळ्यात भिंतीचे पाणी नेमके त्याच्यावर उतरले होते. बापूंनी मान वर केली नाही. अण्णांनीही दोष दिला नाही. ते एवढेच म्हणाले, "इंजिनाचे हाल काही निराळे नाहीत. बघ."

कामाला इंजिनापासून सुरुवात झाली. किल्लीच्या इंजिनात पोलादाची एक लांब पट्टी गुंडाळलेली असते, तीच त्याची स्प्रिंग. किल्ली दिली की ती घट्ट आवळली जाते आणि उलगडताना दंतचक्रांच्या मार्फत चाके फिरवते. तिने एका झटक्यात उलगडू नये यासाठी गतीला आवर घालणारा एक लहानसा भाग बसवलेला असतो. अशा यंत्राला हात लावताना पहिला नियम म्हणजे स्प्रिंग पूर्ण सैल आहे याची खात्री करणे. आवळलेली स्प्रिंग एकाएकी सुटली, तर बोट फाडू शकते. बापूंनी तशी खात्री केली आणि मगच इंजिनाची वरची टोपी उतरवली. स्प्रिंग शाबूत होती. मात्र जुन्या वंगणाचा लाखेसारखा थर साचून सर्व चक्रे जखडली होती. घड्याळजीकडून आणलेल्या पेट्रोलमध्ये बुडवलेल्या बारीक कुंचल्याने त्यांनी एकेक दात मोकळा केला. हे काम त्यांनी अंगणात, चुलीपासून दूर बसून केले. शेवटी प्रत्येक आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा केवळ एक थेंब दिला.

एका डब्याची दोन चाके मात्र हात लावताच बिस्किटासारखी भुगा झाली. ती गंजलेली नव्हती. त्या काळी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चाके करीत. त्यात शिशाचा थोडासा अंश मिसळला गेला तरी दमट हवेत धातू आतल्या आत फुगतो, त्याला भेगा पडतात आणि काही वर्षांनी तो ढासळतो. बाहेरून चकाकणाऱ्या चाकात हा दोष पहिल्या दिवसापासून असतो. दिसतो फार उशिरा. बापूंनी शहरातल्या एका लेथवाल्याकडून पितळेची दोन चाके कातून आणली.

अकरा रुळांवरचा गंज तेलाच्या कापडाने हळूहळू निघाला. पॉलिश कागदाने ते काम लवकर झाले असते, पण पत्र्यावरचा कथिलाचा पातळ मुलामाही खरवडला गेला असता आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने चढला असता. हे सारे बापू नातीला समजावून सांगत होते आणि अण्णा बाजूला बसून ऐकत होते.

राहता राहिला बारावा रूळ. बापूंनी तेलाचा रिकामा डबा कापून पत्रा सपाट केला. लोखंडी सळईवर तो वळवून रुळासारख्या दोन पोकळ नळ्या काढल्या, दोन्ही सारख्याच लांबीच्या. त्या आडव्या पट्ट्यांवर ठेवून वाकवल्या, तर एक टोक पुढे आले आणि तुकडा शेजारच्या रुळाशी जुळेना. दोन वेळा प्रयत्न फसला. तेव्हा अण्णांनी न राहवून कागद पुढे ओढला.

कागद पाहताच बापूंचा हात थांबला. "पुन्हा हिशेब?" ते म्हणाले. त्या दोन शब्दांत तीस वर्षे होती.

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी हिशेब करायला नको होता, बापू. ते खोके तुला द्यायला हवे होते. किल्ली तूच देत होतास." थोडे थांबून त्यांनी विचारले, "आज करू का?"

बापूंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कर. हिशेब तुझा, पत्रा माझा."

हिशेब सोपा होता. बारा रुळांचे एक वर्तुळ, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीस अंश. मधल्या रेषेची त्रिज्या दोन फूट, म्हणजे सुमारे ६१० मिलिमीटर. बाहेरचा रूळ त्या रेषेपासून १६ मिलिमीटर बाहेर, आतला तितकाच आत. तेव्हा बाहेरच्या रुळाची लांबी सुमारे ३२८ मिलिमीटर आणि आतल्याची सुमारे ३११ मिलिमीटर भरते. वळणावर एकाच गाडीच्या दोन बाजूंना सारखे अंतर कापून चालत नाही. बाहेरच्या बाजूला सतरा मिलिमीटर अधिक जावे लागते. ज्याने आयुष्यभर वर्तुळाचे धडे शिकवले त्याने माप दिले आणि ज्याने आयुष्यभर धातू हाताळला त्याने ते पत्र्यात उतरवले. कानस फिरली, डाख लागला, टोकांत बारीक खिळे बसले. तिसऱ्या प्रयत्नात तुकडा वर्तुळात चपखल बसला.

त्या संध्याकाळी घरातील सगळे फळीभोवती जमले. अण्णांनी रूळ जोडून एकदा हाताने चाचपून पाहिले. बापूंनी इंजिनाला किल्ली दिली, आणि ती अर्ध्यावर ठेवून नातीच्या हाती दिली. "पुरी आवळायची नाही," ते म्हणाले, "जुन्या स्प्रिंगेला थोडी उसंत ठेवावी." तिने दोन फेरे आणखी दिले आणि कळ सोडली. इंजिन क्षणभर थरथरले, मग घरघर करीत निघाले. मागोमाग तीन डबे झाशी स्टेशनावरून, टेकडीला वळसा घालून, घोसाळ्याच्या झाडांजवळून फिरू लागले. नव्या रुळावरून जाताना मात्र प्रत्येक वेळी 'खट्' असा आवाज होई आणि शेवटचा डबा किंचित उडे. डाखाचा एक बारीक उंचवटा सांध्यावर राहून गेला होता.

बापू कानस घ्यायला उठले. अण्णांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवले.

"राहू दे," ते म्हणाले. "खरी गाडीही सांध्यावर वाजतेच."

बापू दोन दिवसांसाठी आले होते; ते पंधरा दिवस राहिले. जाताना त्यांनी रूळ पिशवीत भरले नाहीत आणि अण्णांनीही इंजिन खोक्यात ठेवले नाही. सगळी गाडी फळीवरच राहिली. किल्ली तेवढी अण्णांनी बापूंच्या खिशात घातली. आता नातीला गाडी चालवायची असली म्हणजे जबलपूरला फोन जातो, आणि दर सुट्टीत किल्ली घेऊन बापू झाशीला येतात.