सोनू, सही करण्याआधी वाच

हिंजवडी, विजयादशमी

चि. सोनूस,


बारशाला तुझ्या कानात नाव सांगितलं ते मीच. पण कागदावरचं नाव बाजूलाच राहिलं, मी हाक मारत राहिले ती सोनू म्हणून. माझ्यासाठी तू अजून लहानच, त्यामुळे काल फोनवर तू म्हणालीस, ‘‘आत्या, लग्नात दागिने नकोत, मी गोल्ड ईटीएफ घेते,’’ तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. आज आपट्याची पानं वाटून झाली आणि लिहायला बसले.

तुझं गणित चुकलेलं नाही. दागिन्यात घडणावळ जाते, मोडताना घट येते. माझी बोरमाळ मोडायला नेली तर मण्यांतली लाख आधी वजनातून वजा होईल. २०२१पासून हॉलमार्क सक्तीचा झालाय; आईच्या वेळी फक्त सराफाचा कसोटीचा दगड आणि त्याचा शब्द. २०२५च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमनं लाखाचा आकडा ओलांडला, तेव्हा तर शब्दावर विसंबणं परवडण्यासारखं उरलंच नाही.

पण बायकांचा जीव सोन्यात का, हे शाळेत विज्ञान शिकवताना मला हळूहळू उमगलं. सोनं हवेशी, पाण्याशी संयोग पावत नाही, म्हणून गंजत नाही. तुझ्या लॅपटॉपमधल्या मेमरीच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा असतो तो याचसाठी. मुळशीच्या पावसात आमच्या घरात लोखंडी कड्यासुद्धा गंजायच्या. तांदळाच्या कणगीत दडवलेली आईची बोरमाळ मात्र तशीच पिवळी. शिवाय सोनं वाटून घेता येतं. एका ग्रॅमचा पत्रा ठोकत नेला तर चौरस मीटरभर पसरतो. आईला एवढं ठाऊक नव्हतं, पण माळेतला एक मणी काढता येतो हे ठाऊक होतं. तो विकून तिनं माझी डीएडची फी भरली. अण्णांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, विचारलंही नाही. जमिनीचा तुकडा विकायला घरातल्या पुरुषांच्या सह्या लागायच्या. मणी विकायला तिची तिची पावलं पुरली.

कारण सातबाऱ्यावर ती नव्हतीच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आयटी पार्कसाठी एमआयडीसीचं भूसंपादन आलं. भातखाचरांचे पैसे झाले आणि गावोगावी जमिनी विकून श्रीमंत झालेले गुंठामंत्री दिसू लागले. गळ्यात बोटाएवढ्या साखळ्या. २०१३मध्ये भोसरीच्या दत्ता फुगे यांच्या तीन किलोंहून जड सोन्याच्या शर्टाचे फोटो जगभर छापून आले. पुरुषांचं सोनं मिरवायला असतं, बायकांचं दडवायला. एकच धातू, पण त्यात किती अंतर!

भूसंपादनाच्याच दिवसांत अण्णा गेले आणि दादा, म्हणजे तुझे बाबा, जमिनीचं हक्कसोडपत्र घेऊन आले. ‘‘माहेर तुटायला नको ना?’’ मी सही केली. आईनं त्या रात्री बोरमाळ माझ्या ओटीत टाकली, काही न बोलता. दादांवर माझा राग नाही. घरोघरी असंच चालायचं. पण ती माळ ही माझी वाटणी नव्हती. वाटणी न मिळाल्याची भरपाई होती, आणि तीही ज्या बाईकडे स्वतःचं एवढंच होतं, तिनं केलेली.

पृथ्वीच्या पोटात सोनं तयार होत नाही, हे तू वाचलं असशील. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या आणि अशा टकरींत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं घडतात याचा भक्कम पुरावा मिळाला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते : आकाशातून आलेलं हे द्रव्य कुणाच्याच वाडवडिलांच्या नावावर नव्हतं. म्हणूनच का ते आम्हा बायकांना आपलं वाटलं?

तू ईटीएफ घे, खुशाल घे. बोरमाळ तुझीच आहे, एक मणी कमी असलेली. मात्र १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली देशानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिलाय. तुझा भाऊ कधी कागद घेऊन आला, तर चहा पाज, जेवायला बसव आणि कागद ठेवून घे. सही करायची का, ते वाचून, एकटीनं ठरव. माझ्या गळ्यातल्या सोन्याकडे बघून ठरवू नकोस.

तुझी,
आत्या