गेटपाशी बसलेला लॅब्रॅडॉर

मुलुंड पूर्वेच्या सोसायट्यांमधली मुलं कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका ट्रेनरला ‘डॉगवाले काका’ म्हणतात. काकांचं उजवं मनगट आता साथ देत नाही. पस्तीस किलोचा लॅब्रॅडॉर फिरून येताना गेटपाशी फतकल मारून बसला, की पूर्वी ते साखळीला एक हिसका द्यायचे. कुत्रा मुकाट उठायचा आणि गॅलरीतून बघणाऱ्यांना जादू झाल्यासारखं वाटायचं. त्या बघ्यांची आपल्याला चटक लागली होती, हे काका हसत कबूल करतात. डॉक्टरांनी हिसके बंद करायला लावले आणि धंद्यातला सगळ्यात जुना पेच पुन्हा त्यांच्यापुढे येऊन बसला: हा उठत का नाही?

‘हट्टी आहे हो’ म्हणणाऱ्याला ते आधी एक्स-रे काढायला लावतात. परळचं बैलघोडा हॉस्पिटल लांब पडत असेल तर जवळच्या डॉक्टरकडे जा, पण जा. लॅब्रॅडॉरचे खुबे मुळात नाजूक, त्यात फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये लिहिलं, की वागणुकीच्या तक्रारीसाठी आलेल्या किमान एकतृतीयांश प्राण्यांना कुठलं ना कुठलं दुखणं असतं. शिवाय सोसायटीने कुत्र्याला लिफ्टबंदी केलेली असली, की वर घरी जायचं म्हणजे जिने चढायचे. अशी बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. नोटीस बोर्डावरचा कागद मात्र तसाच राहतो.

एक्स-रे स्वच्छ निघाला, की खरी डोकेफोड सुरू.

कुत्रा गेटपाशीच बसतो, कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी नाही. गेट आलं की मजा संपली, हे त्याला पाठ असतं. तो बसतो, मालक विनवतो, शेवटी खिशातून पार्ले-जी निघतं. बिस्किटासाठी उठायचं, हे कुत्रा शिकत नाही. बसलं की बिस्किट येतं, हे शिकतो. मग काका क्रम उलटा करतात. बिस्किट गेटच्या आधी, चालता चालता. गेटपर्यंत येऊन पुन्हा बाहेर एक फेरी, कधी दोन, म्हणजे गेट आलं तरी फिरणं संपेलच असं नाही. जेवणाचं भांडं वर गेल्यावरच. काही दिवस कुत्रा आणखी चिवटपणे बसतो, भुंकतोही. जुनी युक्ती चालेनाशी झाली की तो जोर वाढवतो. नेमक्या याच दिवसांत कुणीतरी विरघळतं.

हे कुणीतरी बहुधा आजोबा. नऊ वेळा नाही म्हणायचं आणि दहाव्यांदा गुपचूप द्यायचं. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या त्यांच्या ग्रंथात कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की कधीतरी, बेभरवशाने मिळणारं बक्षीस बंद झालं तरी सवय फार काळ टिकते. लॉटरीचं तिकीट घेणारा माणूसही असाच.

लोकांना घरात झंजीर हवा असतो. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईत आरडीएक्स हुंगून काढणारा, २००० साली कॅन्सरने गेलेला पोलिसांचा लॅब्रॅडॉर. काका विचारतात, पोलिसांच्या कुत्र्याला हँडलर असतो. तुमच्या घरात नियम किती जणांचे? आई सोफ्यावर चढू देत नाही, मुलगा उशी देतो.

रीलवाल्या ट्रेनरांवर काकांचा खास राग. कुत्र्याच्या गळ्यात शॉक कॉलर, यांच्या तोंडात ‘अल्फा’. अल्फा म्हणजे कळपावर सत्ता गाजवणारा म्होरक्या; लांडग्यांची ही गोष्ट डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने लोकांत पसरली. त्याच मीचनी १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे सहसा आईबाप आणि त्यांची पिल्लं. एवढं वाचायला रीलवाल्यांना वेळ कुठला, असं काका म्हणतात, आणि त्यांच्या फॉलोअर्सचा आकडाही न चुकता सांगतात. तो त्यांना सलतो.

हल्ली त्यांची अट एकच: शिकवणीला घरातले सगळे हजर हवेत, आजोबांसकट. घाटकोपरच्या एका घराने ती साफ झिडकारली. ‘कुत्र्याला शिकवायचे पैसे देतोय, आम्हाला नाही.’ काकांनी ते काम सोडलं. तिथे आता रीलवाला जातो, दुप्पट फी घेऊन.