आजोबांची तीस-तीस

पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या घरांत हिची ओळख नात्यानंच करून देतात: "ही आमच्या आजोबांची." शिकारीची रायफल, नाव विंचेस्टर मॉडेल 94. आराखडा युटाच्या जॉन ब्राउनिंगचा, जन्म 1894चा. आजवर सत्तर लाखांहून जास्त बहिणी झाल्या, तरी प्रत्येक घराला वाटतं, खरी ती आपलीच. वर्षातले पन्नास आठवडे ती कपाटात तेलाच्या वासात पडून असते. थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की तिचा मान सुरू. हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस वर्षानुवर्षं त्यानंतरचा सोमवार होता आणि त्या दिवशी गावोगावच्या शाळाही बंद असत. 2019पासून शनिवार झाला.

बांध्यानं सडपातळ. वजन तीन किलोच्या आसपास, नळी वीस इंची, अंगाबाहेर आलेलं काही नाही. मधोमध मूठ आवळली की आपोआप तोलून राहते. जुनी रायफल हातात आली तर पोटाकडची बाजू बघा: पोलादाचा काळा रंग मुठीच्या मापानं उडालेला असतो आणि तिथं चांदीसारखी झळाळी आलेली असते.

वयाबद्दल मात्र भलतीच हळवी. 1964 साली कारखान्यानं खर्च वाचवायला हिच्या घडणीत बदल केले. तेव्हापासून "चौसष्टच्या आधीची" म्हटलं की दुकानदाराचा आवाज खाली येतो आणि किंमत वर जाते.

हिचं आवडतं काडतूस 1895चं, थर्टी-थर्टी. पहिला तीस म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागात. दुसरा म्हणजे मूळची दारू, तीस ग्रेन. गोळीचं वजनही ग्रेनमध्येच. शब्द परका वाटेल, पण इंग्रजी अमलात ठरलेला आपला तोळा 180 ग्रेनचा आणि मासा पंधराचा. म्हणजे हिची 150 ग्रेनची गोळी बरोबर दहा मासे आणि 170ची तोळ्याला जेमतेम कमी. सोनाराच्या काट्यावरचं हे वजन हरणाला जागेवर बसवतं.

या दोन्हींत निवड कशी करायची? 150ची सेकंदाला सुमारे 2,400 फुटांनी सुटते, 170ची 2,200नी. हलकी जरा सरळ जाते. जड गोळी आत खोल शिरते. हरीण तिरपं उभं असेल, खांद्याचं हाड मध्ये येत असेल, तर तीच बरी. शंभर यार्डांच्या आत पांढऱ्या शेपटीच्या हरणाला दोन्ही पुरतात. माझा कौल 170ला. जखमी जनावर रात्रभर झुडपांत तडफडत राहण्यापेक्षा दोनशे फुटांचा वेग गमावलेला परवडला. तरी शेवटचा शब्द हिचाच. टेबलावर टेकवून दोन्हींच्या तीन-तीन गोळ्या कागदावर मारून बघा. एका वजनाची भोकं रुपयाएवढ्या जागेत पडतात, दुसऱ्याची तळहातभर पसरतात. जे वजन हिला मानवतं, तेच घ्यायचं.

टोकदार गोळीशी मात्र हिचं हाडवैर. नळीखालच्या पुंगळीत काडतुसं एकामागे एक झोपतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. धक्का बसला आणि अणकुचीदार टोक त्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर आदळलं, तर पुंगळीतच स्फोट. म्हणून हिच्या गोळ्या चपट्या नाकाच्या. अलीकडे मऊ टोकाच्या 160 ग्रेनच्या निघाल्यात, त्या ती चालवून घेते. पण चपटं नाक वाऱ्याला अडतं. शंभर यार्डांवर नेम जुळवला तर दोनशेवर गोळी वीतभर खाली जाते. लांबून मारायची हौस असेल, तर दुसरं घर बघा. ही म्हणते, जवळ या.

दुर्बिणीचंही तिला वावडं. जुनी रायफल रिकामं काडतूस दुर्बिणीच्या जागेतूनच थेट वर उडवते, कधी टोपीवर तर कधी कॉलरमध्ये, आणि ते गरम असतं. तिरकं फेकायला ती 1980च्या दशकात शिकली.

एका संध्याकाळी ओकच्या रानात शेजारच्या आजोबांबरोबर बसलो होतो. कुरणाच्या पलीकडे मोठ्या शिंगांचा नर निघाला. आजोबांनी घोडा मागे ओढून ठेवला, पुढच्या माशीवर नराला धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. दोनशे यार्ड तरी असतील. मग गारठलेल्या अंगठ्यानं त्यांनी घोडा जपून, सावकाश खाली उतरवला. नर चरत चरत झाडांत गेला.