जे गप्प आहेत, त्यांना आधी पाहा

२१ मार्च २०२४ ची पहाट. हिंगोली परिसरात भूकंपाचे धक्के बसले आणि इकडे नांदेडमध्येही खिडक्यांची तावदाने थरथरली. थोड्याच वेळात माझा दूरध्वनी वाजला. ऐंशी ओलांडलेले एक जुने रुग्ण बोलत होते. त्यांच्या पत्नी पक्षाघातामुळे अंथरुणाला खिळून आहेत. त्यांनी शांतपणे विचारले, ‘‘डॉक्टर, मोठा भूकंप आला, तर मी आधी काय करायचं? तिला उचलून बाहेर नेणं माझ्याच्यानं होणार नाही.’’

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला पुन्हा किल्लारीला जावे लागले.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा नांदेडला इंटर्न होते. मदतपथकाबरोबर मलाही तिकडे पाठवण्यात आले.

एका शाळेच्या व्हरांड्यात जखमींना ओळीने निजवले होते. शिरताच एका तरुणाची किंकाळी कानी आली. त्याचा हात मोडला होता. मी धावत त्याच्याजवळ गेले, फळी शोधली, हात बांधला, त्याला धीर दिला. त्यात वीसेक मिनिटे सहज गेली असतील. शेजारीच खांबाला टेकून एक आजी बसल्या होत्या. कोठे जखम नाही, रक्त नाही. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘‘मला काई झालं न्हाई, बाई. त्या लेकराकडं बघा आधी.’’ मी त्यांचे म्हणणे मानले.

आमच्याबरोबरच्या ज्येष्ठ सिस्टर तेवढ्यात तेथे आल्या. त्यांनी आजींचा हात हाती घेतला. तो गार होता. नाडी जलद आणि अगदी क्षीण, श्वास भरभर चाललेला. लुगडे किंचित वर करून पाहिले, तर दोन्ही पाय सुजून ताठर झाले होते. तुळईखाली ते कित्येक तास दबले होते. अशा पायांतील चिरडलेल्या स्नायूंमधून सुटकेनंतर पोटॅशियम आणि इतर घातक द्रव्ये रक्तात उतरतात. बोलता-चालता माणूस मग एकाएकी कोसळतो. सिस्टरांनी तत्काळ सलाईन लावले आणि पहिल्या गाडीत आजींना चढवले. मला त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘जो ओरडतो आहे, त्याचा श्वास चालू आहे. जे गप्प आहेत, त्यांना आधी पाहा.’’

त्या आजींचे पुढे काय झाले, मला कधीच कळले नाही. ती वीस मिनिटे मात्र माझ्याजवळ राहिली आहेत.

त्यानंतर सिस्टरांनी मला कोणाहीजवळ न थांबता सबंध ओळ फिरायला लावली. चालू शकणारे बाजूला. उरलेल्यांत तीनच गोष्टी पाहायच्या : श्वास मिनिटाला तीसपेक्षा जलद आहे का, नाडी कशी आहे, आणि ‘हात उचला’ म्हटले तर उचलतात का. वाहते रक्त तेवढे दाबून थांबवायचे आणि पुढे जायचे. या निवडीला ट्रायेज म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लॅरे यांनी हुद्दा न पाहता जखमेची निकड पाहून उपचार करण्याचा पायंडा पाडला, त्यातूनच ही पद्धत वाढली.

या निवडीत एक कठोर टोकही असते. डोक्याला जबर मार लागलेल्या एका वृद्धांसाठी तेथे करण्यासारखे काही उरले नव्हते. सिस्टरांनी त्यांच्याजवळ गावातील एका बाईंना बसवले आणि त्यांचा हात धरून ठेवायला सांगितले. उपचार थांबले तरी सोबत थांबत नाही, हेही मी त्याच दिवशी शिकले.

वाचकहो, हे घरालाही लागू पडते. वृद्ध माणसे दुखणे लपवतात. आपल्यामुळे कोणाला त्रास नको, ही त्यांची सवय. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धोक्याच्या वेळीही नाडी वाढत नाही. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर डोक्याला लागलेल्या साध्या मारानंतरही काही तासांनी आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पडलेल्या आजोबांनी ‘काही झाले नाही’ म्हटले, तरी त्यांचा हात गार आहे का, ते नीट उत्तर देतात का, हे आपण पाहावे. शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवावे, तोंडात पाणी घालू नये आणि १०८ ला बोलवावे. मानेला किंवा पाठीला मार लागल्याची शंका असेल, तर विनाकारण हलवू नये.

त्या दिवशी फोनवर आजोबांना मी म्हणाले, ‘‘आजींना उचलू नका. धक्के चालू असताना त्यांच्या डोक्यावर उशी धरा आणि स्वतःचेही डोके सांभाळा. तुम्ही धड राहिलात, तरच त्यांना कोणी आहे. पलंग मात्र आजच कपाटापासून आणि खिडकीपासून दूर सरकवा. उशाशी बॅटरी, पायाशी चपला, औषधांची यादी पिशवीत, आणि घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा.’’

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला. शेजारच्या मुलाने पलंग सरकवून दिला होता. ‘‘आता हिला खिडकीतून रस्ता दिसत नाही, म्हणून रुसली आहे,’’ ते म्हणाले. मी म्हटले, ‘‘रुसू द्या. बोलताहेत ना, तोवर काळजी नाही.’’