निःशेष

ऋण, अग्नी, शत्रू आणि व्याधी यांचा शेष ठेवू नये, तो पुन्हा वाढतो, हे वचन आमच्या घरात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची प्रचीती पाहण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. हल्ली मात्र ते मला स्वस्थ बसू देत नाही. ऋणाचे एक ठीक आहे. बाकी खतावणीत लिहिलेली असते आणि ती चुकती झाली की फारकत मिळते. पण अग्नी? कोकणातल्या आमच्या घरी आजी रात्री चुलीतला जाडसा निखारा निवडून राखेत पुरून ठेवी, आणि पहाटे राख बाजूला सारून, त्यावर नारळाचे सोडण धरून फुंकणीने फुंकर घाली. ज्या घरचा निखारा विझलेला असे तिथली सून करवंटी घेऊन आमच्याकडे विस्तव मागायला येई. वचन ज्या शेषाला भिते, त्याच्यावरच आळीचा संसार चालत होता. आजी ते वचनही म्हणे आणि निखाराही पुरी. त्याच्यावर रात्रभर पहारा करावा असे तिला कधी वाटले नाही. अर्थात, निखारा तिथे आहे हे तिला ठाऊक होते.

धाकट्या बहिणीच्या स्तनातली गाठ काढली, काखेतल्या ग्रंथी निर्दोष निघाल्या, किरणोपचार झाले. ‘सगळं निघालं ना?’ या तिच्या प्रश्नाला डॉक्टरांनी ‘कडा स्वच्छ आहेत’ असे उत्तर दिले. ते खरे होते, पण तिच्या प्रश्नाचे नव्हते. आता काही महिन्यांनी हाताने तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी. लक्षण नसताना हाडांचा स्कॅन नाही, यकृताची सोनोग्राफी नाही. ही हयगय वाटावी. परंतु इटलीतल्या, 1994 साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत अशी कसून झडती घेऊनही स्त्रियांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. तिच्यासारख्या हार्मोनसंवेदी रोगाचा खटला पाच वर्षांनी निकालातही निघत नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, साठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींत, गाठ लहान आणि ग्रंथी निर्दोष असलेल्यांपैकीही शंभरातील सुमारे 13 जणींना पुढच्या 15 वर्षांत तो दूरच्या अवयवांत पुन्हा उद्भवला.

तिची टॅमोक्सिफेनची पाच वर्षे पुरी होत आली आहेत. दहा वर्षे घेतल्यास पुनरुद्भव आणखी घटतो, आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो. दोन्ही सिद्ध आहे. ‘तू काय म्हणतोस, दादा?’ असे तिने विचारले आहे. वचन प्रमाण मानावे तर ‘घे’ म्हणायला हवे. पण जो शेष आहे की नाही हेच कोणी सांगू शकत नाही, त्याच्या धाकाने दुसरी जोखीम पत्करायला तिला मी कोणत्या अधिकाराने सांगावे? ‘नको’ म्हणण्याचे धैर्यही मला होत नाही. मंगळवारी दवाखान्याची तारीख आहे, आणि तिला त्याआधी उत्तर हवे आहे.